सांधा लागला की नाही, हे सांध्यानंच सांगावं: पाचोरा–पीजे मॉडेलच्या वायरिंगच्या नोंदी

९ फेब्रुवारी २०२५

माडीवरच्या खोलीत आठ फूट बाय अडीच फुटांच्या प्लायवर पाचोरा जंक्शनच्या मॉडेल रेल्वेचे रूळ टाकून झाले. आता पाटाखालचं काम: सांध्यांच्या (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळते त्या जागांच्या) मोटरी, रिले (करंटनं चालणारे स्विच) आणि वायरिंग. ते लिहून ठेवतोय, म्हणजे पुढे कुणालाही खाली वाकून वायर हातात धरल्यावर ती कुठून आली आणि का आली, हे इथे सापडेल.

मोजमाप १:८७. मेन लाइन १६.५ मिमीच्या रुळावर, पीजे म्हणजे पाचोरा–जामनेरची छोटी लाइन ९ मिमीच्या रुळावर. खरी ब्रॉडगेज १६७६ मिमी, ८७ ने भागली की १९.३ येते. म्हणजे आपली मेन लाइन थोडी अरुंद आहे. पण तयार रूळ तेवढाच मिळतो. पाचोरा–जामनेरचा रूळ अडीच फुटी, ७६२ मिमी. त्याला भागलं की ८.८. ९ मिमीचा रूळ तिथे जवळपास अचूक बसतो. वरखेडी, शेंदुर्णी, पहूर करत जामनेरला जाणारी ती छोटी गाडी आता धावत नाही. तीच या पाटावर सगळ्यात खऱ्या मापाची आहे, याचं मला मनापासून समाधान आहे.

सांधे एकूण नऊ. मेन लाइनवर दोन क्रॉसओव्हर, म्हणजे एका रुळावरून शेजारच्या रुळावर नेणाऱ्या सांध्यांच्या जोड्या, त्यांना १०१ आणि १०२ नंबर. क्रॉसओव्हरची दोन्ही टोकं रेल्वेत एकाच नंबरानं चालतात, फक्त ए आणि बी म्हणतात, कारण ती नेहमी बरोबरच फिरायला हवीत. शिवाय सुटे १०३, १०४. पीजेच्या बाजूला २०१, २०२, २०३. म्हणजे पॅनलवर सात जागा.

१६ फेब्रुवारी

मोटर कोणती घ्यायची, ते ठरलं.

दोन कॉइलवाल्या मोटरी, ज्यांना बटण दाबलं की क्षणभर करंट मिळतो आणि 'खट' आवाज करून सांधा फिरतो, त्या स्वस्त आणि टिकाऊ असतात. मला तो झटका नको. खरं पॉइंट मशीन ११० व्होल्ट डीसीवर चालतं, गुरगुरत फिरतं आणि टंग रेल, म्हणजे सांध्याचा सरकणारा रूळ, सावकाश सरकत जाऊन स्टॉक रेलला, म्हणजे शेजारच्या पक्क्या रुळाला, चिकटते. मॉडेलवर बघायची मजा त्या सरकण्यातच आहे. परदेशी बनावटीच्या सावकाश चालणाऱ्या मोटरी चांगल्या असतात, पण नऊ घ्यायच्या म्हणजे तेवढ्या पैशांत दुसरं इंजिन येईल.

म्हणून एन-२० गिअर मोटर, १२ व्होल्ट, ३०० आरपीएम, जिचा शाफ्टच एम-४ आट्यांचा असतो. आट्यांवर पितळी नट, नटाला चिकटवलेली अ‍ॅक्रिलिकची सरकपट्टी, तिच्यातून वर गेलेली ०.८ मिमीची स्प्रिंग स्टीलची तार. एम-४ चा एक आटा ०.७ मिमीचा, सेकंदाला पाच फेरे म्हणजे नट साडेतीन मिमी सरकतो. सहा मिमीच्या चालीला पावणेदोन सेकंद लागतात. आट्यांचा मोठा फायदा म्हणजे करंट गेला तरी नट जागचा हलत नाही. टंग रेल दाबलेली राहते.

मोटरीच्या दोन टोकांवर १०४ छापलेला सिरॅमिक डिस्क कपॅसिटर सोल्डर केला. ब्रशची ठिणगी पुढे इन्फ्रारेड सेन्सरला त्रास देते.

२ मार्च

पहिली मोटर १०३ खाली बसवली. दोन्ही टोकांना लिव्हरवाले मायक्रोस्विच. दोन्ही स्विच मोटरीच्या सिरीजमध्ये, एन.सी. (एरवी जोडलेल्या) टोकावर, आणि प्रत्येकाच्या आडवा एक १एन४००७ डायोड. सरकपट्टी शेवटाला गेली की स्विच उघडतो आणि त्या दिशेचा करंट बंद होतो. उलट दिशेचा करंट मात्र डायोडमधून जातो, पट्टी मागे येते, स्विच पुन्हा मिटतो. डायोडची दिशा बरोबर आहे का, हे पाहायला मोटर मधोमध आणून स्विच बोटानं दाबून बघायचं. थांबली तर बरोबर.

आबा संध्याकाळी वर आले. आबा शेजारी राहतात. भुसावळ विभागात सिग्नलकडे उभी नोकरी करून रिटायर झाले. खुर्ची ओढून त्यांनी दोन-चारदा सांधा इकडून तिकडे फिरवायला लावला. मग विचारलं, "हाऊ दिवा कशावर लागस भो?"

पॅनलवर हिरवा एलईडी लावला होता, बटणाच्याच टोकावरून. तसं सांगितलं.

"मंग तो बटणना दिवा शे. सांधाना नही."

एवढं बोलून ते चहा प्यायला लागले. पण सगळं काम या एका वाक्यावर फिरतं. मायक्रोस्विचसुद्धा सांध्याचं काही सांगत नाही, तो सरकपट्टीचं सांगतो. तार वाकली, चिकटवलेलं सुटलं, टंग रेलमध्ये खडीचा कण अडकला, तरी पट्टी टोकाला पोचेल आणि हिरवा दिवा लागेल. रेल्वेत हुकूम आणि खबर यांची सर्किटं वेगळी असतात. खबर देणारे रिले दोन: एनडब्ल्यूकेआर आणि आरडब्ल्यूकेआर. एन म्हणजे नॉर्मल (सांध्याची नेहमीची बाजू), पहिला आर म्हणजे रिव्हर्स (दुसरी बाजू), डब्ल्यू म्हणजे सांधा, के म्हणजे खबर, शेवटचा आर रिलेचा. सांधा नॉर्मलला पूर्ण लागला की पहिला उचलतो, म्हणजे चालू होतो, रिव्हर्सला पूर्ण लागला की दुसरा. मधल्या वेळात दोन्ही पडलेले, म्हणजे बंद.

आपणही तसंच करायचं, असं त्याच वेळी ठरवलं. टंग रेलनं स्वतः खबर दिल्याशिवाय इथे एकही सिग्नल पिवळा होणार नाही.

९ मार्च

खबर घेण्याचा भाग बनवला. स्ट्रेचर बारच्या (दोन्ही टंग रेल जोडणाऱ्या दांडीच्या) मोकळ्या टोकाला ०.५ मिमीची फॉस्फर ब्रॉन्झची तार उभी सोल्डर केली. ती १२ व्होल्ट प्लसला. तिच्या दोन्ही बाजूंना दोन बारीक पितळी स्क्रू. डावा स्क्रू एनडब्ल्यूकेआरच्या कॉइलला, उजवा आरडब्ल्यूकेआरच्या. टंग रेल स्टॉक रेलला टेकली की तार स्क्रूला टेकते. स्क्रू पेचकसानं पुढेमागे घेऊन तो क्षण जुळवायचा.

तपासायची रीत आबांची. खऱ्या सांध्यावर टंग रेल आणि स्टॉक रेल यांच्यामध्ये, टोकापासून १५० मिमीवर, ५ मिमी जाडीचा तुकडा धरून सांधा फिरवतात. तुकडा मध्ये असताना सांधा लॉक होता कामा नये, खबर मिळता कामा नये आणि मोटरीचा क्लच घसरला पाहिजे. ५ मिमीला ८७ ने भागलं तर ०.०६ मिमी, म्हणजे कागदापेक्षाही पातळ. एवढं बारीक मॉडेलवर जमत नाही. मी लग्नपत्रिकेचा तुकडा धरला, मायक्रोमीटरवर ०.३ मिमी भरला. तुकडा असताना रिले पडलेला, तुकडा काढला की उचलतो, असं होईपर्यंत स्क्रू अर्धा-अर्धा आटा फिरवत बसलो. हे काम घाईनं होत नाही आणि करूही नये.

क्रॉसओव्हरच्या ए आणि बी टोकांच्या खबरी सिरीजमध्ये घेणार. दोन्ही टोकं लागली तरच एक रिले उचलेल.

२३ मार्च

जळगावला गोलाणी मार्केटमधून उरलेला माल आणला. रिले १४ पिनी, चार चेंजओव्हर, १२ व्होल्ट डीसी कॉइल, बेससकट. पंपाच्या पॅनलमध्ये मी रोज असलेच बसवतो, फक्त तिथे कॉइल वेगळ्या व्होल्टची असते. कॉइलचा रेझिस्टन्स १६० ओहम, करंट ७५ मिलीअ‍ॅम्प. प्रत्येक सांध्याला चार रिले, म्हणजे एकूण अठ्ठावीस. शांत असताना प्रत्येक सांध्याचा एकच रिले उचललेला असतो. सातांचे मिळून सव्वापाचशे मिलीअ‍ॅम्प. १२ व्होल्ट ५ अ‍ॅम्पचा एसएमपीएस (पॉवर सप्लाय) भरपूर झाला. रुळाचा सप्लाय पूर्ण वेगळा, दोघांचा शून्यही एकत्र केलेला नाही.

प्रत्येक कॉइलवर उलटा १एन४००७. हा डायोड नसेल तर रिले पडताना कॉइल उलटा झटका मारते आणि तो झटका स्ट्रेचर बारवरच्या बारीक तारेनं खायचा. ती तार काळी पडायला वेळ लागत नाही.

वायरचे रंग: प्लस लाल, शून्य काळी, नॉर्मलची खबर पिवळी, रिव्हर्सची निळी, मोटरीच्या दोन्ही पांढऱ्या. बस दीड स्क्वेअर मिमीची घरगुती वायर, खबरीला लॅन केबलच्या जोड्या. दोन्ही टोकांना नंबरची रिंग आणि फेरूल घातल्याशिवाय एकही वायर कनेक्टरमध्ये जाणार नाही.

६ एप्रिल

आजची नोंद मोठी आहे, कारण हुकमाचं सर्किट बसलं.

सोपा मार्ग असा होता की प्रत्येक सांध्याला एकच रिले द्यायचा. उचलला की रिव्हर्स, पडला की नॉर्मल. आपल्याकडे तो चालणार नाही, कारण लाईट. लाईट गेली की सगळे रिले पडणार, आणि आली की रिव्हर्सला असलेला प्रत्येक सांधा आपणहून नॉर्मलकडे पळणार. त्यावर गाडी उभी असेल तर डबे खाली. शेतातल्या स्टार्टरला ऑटो लावलेला असला की रात्री लाईट येताच पंप चालू होतो, तसं हे. पंपाला ते सोयीचं, सांध्याला घातक.

म्हणून साध्या फॉरवर्ड-रिव्हर्स स्टार्टरची रीत घेतली. नॉर्मलचा डब्ल्यूएनआर वेगळा, रिव्हर्सचा डब्ल्यूआरआर वेगळा. बटण दाबलं की रिले उचलतो, स्वतःच्या कॉन्टॅक्टवर होल्ड होतो आणि मोटर फिरते. सांधा लागल्याची खबर आली की एनडब्ल्यूकेआरचा मागचा कॉन्टॅक्ट (रिले पडलेला असताना जोडलेला; पुढचा याच्या उलट) उघडतो, डब्ल्यूएनआर पडतो, मोटर बंद. दोघांचे मागचे कॉन्टॅक्ट एकमेकांच्या कॉइलमध्ये, म्हणजे एका वेळी एकच. मध्येच लाईट गेली तर होल्ड तुटतो. आल्यावर काहीही हलत नाही. सांधा मधेच उभा, दोन्ही खबरी पडलेल्या, सिग्नल लाल, आणि पुढचं माणसानं बटण दाबून ठरवायचं.

मोटरीची जोडणी: एक टोक डब्ल्यूएनआरच्या कॉमनला, दुसरं डब्ल्यूआरआरच्या कॉमनला. दोन्हींचे एन.सी. शून्याला, एन.ओ. (एरवी उघडे) प्लसला. दोन्ही रिले पडले की मोटरीची दोन्ही टोकं शून्यावर येऊन शॉर्ट होतात आणि ती घरंगळत न जाता जागीच थांबते. एका रिलेचा एकच कॉन्टॅक्ट त्यात खर्च होतो, हे मला फार आवडलं.

यातून एक प्रश्न निघाला. तार स्क्रूला जेमतेम टेकताच रिले पडला, तर टंग रेल टेकलेली पण न दाबलेली राहते. स्प्रिंगच्या तारेला थोडा ताण यायलाच हवा. उपाय म्हणून डब्ल्यूएनआर आणि डब्ल्यूआरआरच्या कॉइलवर १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, त्याच्या सिरीजमध्ये १० ओहम. त्यामुळे रिले साधारण पाव सेकंद उशिरा पडतो, तेवढ्यात नट जवळजवळ एक मिमी पुढे जातो आणि तार दाब धरते. उशिरा पडणारे रिले रेल्वेतही मुद्दाम वापरतात.

आणि सांधा अडकलाच तर? खबर येणार नाही, होल्ड सुटणार नाही, मोटर दाबत राहील. त्यासाठी सगळ्यांच्या होल्डमध्ये मिळून एक टायमर मॉड्यूल, ५ सेकंदांवर. कुठलाही डब्ल्यू रिले उचलला की टायमर सुरू. पाच सेकंदांत खबर नाही आली तर होल्ड कापतो.

१३ एप्रिल

फ्रॉगचं वायरिंग. फ्रॉग म्हणजे सांध्यात दोन रूळ एकमेकांना छेदतात तो तुकडा. फ्रॉगला करंट सांध्याच्या दिशेप्रमाणे डावीकडचा किंवा उजवीकडचा द्यावा लागतो. तो हुकमाच्या रिलेवरून न देता खबरीच्या रिलेवरून दिला. एनडब्ल्यूकेआर उचलला तर एका रुळाचा, आरडब्ल्यूकेआर उचलला तर दुसऱ्याचा, मधल्या वेळात फ्रॉग मेलेला. फ्रॉगच्या पुढे दोन्ही रूळ कापून टंग रेल शेजारच्या स्टॉक रेलला बारीक वायरनं कायमची जोडली. आता सांधा फिरताना शॉर्ट व्हायची जागाच उरली नाही. पीजेच्या इंजिनाला हे जास्त गरजेचं आहे. एन मापाच्या (९ मिमी रुळाच्या) चेसिसवर बांधलेलं झेडडीएम, म्हणजे छोट्या लाइनचं डिझेल इंजिन, चाकं जवळजवळ. मेलेल्या फ्रॉगवर ते उभंच राहतं.

खबरीच्या रिलेचे चार कॉन्टॅक्ट असे वाटले: दोन कॉन्टॅक्ट क्रॉसओव्हरच्या दोन टोकांच्या फ्रॉगना, एक सिग्नलला, आणि चौथ्याचं मागचं टोक हुकमाच्या सर्किटला, पुढचं टोक पॅनलच्या दिव्याला. दिवा आता सांध्याचा झाला.

१ मे

आखाजीला बहीण आली आहे, तिच्याबरोबर भाचा. सकाळपासून वरच. "मामा, दोन्ही बटणं एकदम दाबली तर?" असं विचारून उत्तराची वाट न पाहता त्यानं दाबलीही. एकच रिले उचलला, जो आधी पोचला तो. मग त्यानं सांधा फिरत असताना उलट बटण दाबून धरलं. पहिली चाल पूर्ण झाली आणि मगच दुसरी सुरू झाली. मेन स्विच बंद-चालू करून पाहिला, सांधे जागचे हलले नाहीत. मी कागदावर काढलेली सगळी परीक्षा पोरानं खेळता खेळता घेतली.

आबांनी त्याला लग्नपत्रिकेचा तुकडा हातात दिला आणि कुठे धरायचा ते दाखवलं. १०४ अडला, पाच सेकंदांनी मोटर थांबली, दिवा लागला नाही, सिग्नल लालच राहिला. "पट्टी (टंग रेल) लागनी का? मंग सिग्नल दे," आबा त्याला सांगत होते. संध्याकाळपर्यंत पोरगं प्रत्येक गाडीआधी तेच म्हणत होतं.

सिग्नलचं इथेच लिहितो. होम सिग्नलचा (स्टेशनात शिरण्याआधीच्या सिग्नलचा) एचआर रिले त्या मार्गातल्या प्रत्येक सांध्याच्या खबरीच्या पुढच्या कॉन्टॅक्टमधून सिरीजनं जातो. पिवळा एचआरच्या पुढच्या कॉन्टॅक्टवर, लाल मागच्यावर. कुठलीही एक वायर तुटली तरी एचआर पडतो आणि लाल लागतो.

१८ मे

दुपारी दोनला १०२ ची नॉर्मल खबर गेली. रात्री आठला आपोआप परत आली. काल आणि परवाही तसंच.

मोजून पाहिलं. कॉइल ठीक, सोल्डर ठीक, वायर ठीक. बी टोकाकडे स्क्रू आणि तार यांच्यात भर दुपारी केसाएवढी फट दिसते. पत्र्याखालची खोली, बाहेर मे महिना. निकेल सिल्व्हरचा आठ फुटी रूळ ३० अंशांनी तापला तर सव्वा मिमीच्या आसपास वाढतो. रुळांच्या जोडात त्यासाठी फटी ठेवलेल्या आहेत, त्या बरोबर मिटतात. पण १०२ चे स्क्रू प्लायमध्ये आहेत आणि स्टॉक रेल रुळाच्या पट्टीवर आहे. प्लाय सुकून एकीकडे जातो, रूळ तापून दुसरीकडे. दोघांमधलं अंतर ठरलेलं राहतच नाही.

आबांना दाखवलं. ते म्हणाले, खरं मशीन जमिनीत रोवलेलं नसतं, ग्राउंड प्लेटवर स्लीपरलाच बांधलेलं असतं. रूळ हलला तर मशीन बरोबर हललं पाहिजे.

त्याप्रमाणे पीसीबीची २५ मिमी लांब पट्टी कापून सांध्याच्याच दोन लांब स्लीपरवर चिकटवली, दोन्ही स्क्रूंचे नट तिच्यावर सोल्डर केले, मधलं तांबं कापून वेगळं केलं. आता माप स्टॉक रेलपासूनच धरलं जातं. चिकटवायला एपॉक्सी, हॉट ग्लू या उन्हात मऊ पडतो.

२५ मे

१०२ दिवसभर चालू ठेवला. भर दुपारीही खबर टिकली. बाकीच्या सांध्यांनाही तशाच पट्ट्या करतोय.

१५ जून

हवा दमट झाली आणि पितळी स्क्रूंवर डाग दिसू लागले. तार स्क्रूला नुसती समोरून टेकत होती. ती थोडी तिरकी वाकवली, म्हणजे टेकताना किंचित घासून जाते आणि कॉन्टॅक्ट स्वतःच साफ राहतो. कापसाला आयसोप्रोपिल लावून स्क्रू पुसले. पॉलिश पेपर लावलेला नाही. ओरखड्यात घाण जास्त धरते.

१०२ वर ट्रॅकचा रिले, टीपीआर, चालू केला. रुळाच्या आडवा तिरका इन्फ्रारेड किरण. किरण पोचतोय तोवर रिले उचललेला, गाडीनं अडवला की पडतो. एलईडी जळला तरी पडतो, म्हणजे चूक झाली तरी 'गाडी आहे' याच बाजूला. त्याचा कॉन्टॅक्ट बटणाच्या वाटेत आहे, होल्डच्या वाटेत नाही. गाडी उभी असताना सांधा सुरू होणार नाही, पण एकदा सुरू झालेली चाल मध्ये तुटणारही नाही. अर्धवट उभा सांधा हा सगळ्यात वाईट.

२२ जून

मेन लाइनचे चारही नंबर आणि पीजेचे २०१, २०२ पूर्ण: हुकूम, खबर, फ्रॉग, सिग्नल. टीपीआर १०१ आणि १०२ ला बसले, बाकीच्यांचे सेन्सर यायचेत. रिलेच्या बेसवर नावं मराठीत चिकटवली, आबांनी एकेक वायर बेल टेस्ट करून (घंटी वाजवून ती टोकापासून टोकापर्यंत सलग आहे हे पाहून) यादीवर खूण केली.

२०३ ची खबर अजून प्लायमधल्या स्क्रूंवर आहे. ती काढून स्लीपरवर घ्यायची, पत्रिकेचा तुकडा घालून दोन्ही बाजू तपासायच्या, आणि ते झाल्यावरच जामनेरकडून येणाऱ्या होम सिग्नलचा एचआर जोडायचा. तोवर तो सिग्नल लालच राहील.